नुसता आकडा पुरत नाही

हॉस्पिटलात विचारतात तो ‘० ते १० मध्ये किती दुखतंय’ हा प्रश्न फक्त फॉर्म भरण्यापुरता असतो, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. इंदूरला आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सिस्टरने विचारलं, "माँजी, दस में से कितना?" आई म्हणाली, "दो." सूनबाई समोर उभी, दुसरं काय सांगणार! सिस्टरने लिहून घेतलं, पण तिची नजर आईच्या मुठीवर. चादर पिळून धरलेली. मग म्हणाली, "ज़रा करवट लीजिए." आकडा थेट सातवर. पडल्या-पडल्या आणि हलताना, असं दोन्ही वेळा विचारायचं असतं. औषधानंतर पुन्हा. तुलना पेशंटच्या आधीच्या आकड्याशी, शेजारच्या खाटेशी नाही.

आकडा सांगता न येणाऱ्या लहानग्यांसाठी ‘फ्लॅक’ ही वेगळी मोजपट्टी असते: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होतंय का, प्रत्येकी ० ते २ गुण.

माझा घोळ वेगळाच. आई कधी ‘ठणका’ म्हणायची, कधी ‘कळ’, रात्री ‘आग’. मी दुभाष्या, सगळ्याचं हिंदी केलं ‘दर्द’. आग होणं नसेचं दुखणं असू शकतं आणि त्याची गोळी वेगळी असते, हे डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा उमगलं.