काउंटी कोर्टाचा अनुभव कमी का मानायचा?

'काउंटीतल्या न्यायाधीशाला थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टात निवडून देणं म्हणजे तलाठ्याला कलेक्टर करण्यासारखं' असं एक मत वाचलं, पण मला ते मुळीच पटलं नाही. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यापुरतं सांगते (काउंटी म्हणजे तिथला जिल्ह्यासारखा भाग). तिथली घटना उमेदवाराकडून निवडणुकीआधी सलग ५ वर्षं राज्यातली वकिलीची सनद एवढंच मागते. आधी न्यायाधीश असण्याची अटच नाही! (आपल्याकडे हायकोर्टासाठी कलम २१७ न्यायिक पदाची किंवा हायकोर्टातल्या वकिलीची १० वर्षं मागतं, पण हायकोर्टात नेमणूक होते, मतदान नाही.) एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या निवडणुकीत उभे असलेले सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल दोघेही काउंटी पातळीवरच्या सर्किट कोर्टाचेच न्यायाधीश होते. क्रॉफर्ड जिंकल्या, मुदत १० वर्षांची.

साक्षीदार समोर बसवून ऐकणं, ज्युरीला कायदा समजावणं, शिक्षा ठरवणं, हे सगळं सर्किट कोर्टातच होतं. अपिलात पुढे येतात ते फक्त कागद. म्हणून हा अनुभव मला मोलाचा वाटतो. मला खरी काळजी वाटते ती पैशाची. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, तरी त्या एका जागेसाठी सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. त्या गदारोळात उमेदवाराचे जुने निकाल वाचणार कोण?