मदत हवी आहे: आईच्या गळ्याची गाठ ३ आठवड्यात दुप्पट, बायोप्सी इथेच करू का मुंबई गाठू?

आई ७६ वर्षांची, आम्ही सांगलीजवळ राहतो. गलगंड वीसेक वर्षांपासून आहे, कधी त्रास नव्हता त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. गणपतीनंतर पोत गळ्याला रुततेय म्हणायला लागली आणि तीन आठवड्यात लिंबाएवढी गाठ मोसंबीएवढी झाली, दगडासारखी टणक. आवाज बसलाय, चहाचा घोट घेतला तरी ठसका लागतो, भाकरी दुधात कुस्करून कशीबशी जाते. सुईची तपासणी झाली, रिपोर्टात नुसतं 'संशयास्पद, बायोप्सी करावी'. इथले डॉक्टर म्हणतात थायरॉइडचा कॅन्सर चांगला असतो, आयोडीनने बरा होतो, दिवाळीनंतर बघू. मला काही पटेना. ह्या वयात बायोप्सी झेपेल का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद
दिवाळीची वाट अजिबात बघू नका. चांगला म्हणतात तो पॅपिलरी, थायरॉइड कॅन्सरचा सावकाश वाढणारा प्रकार. म्हातारपणी जुना गलगंड असा अचानक वाढला तर अ‍ॅनाप्लास्टिकची (थायरॉइडचाच, पण फार झपाट्याने वाढणारा कॅन्सर) शंका आधी घ्यायची, त्याच्या पेशी आयोडीन शोषतच नाहीत. माझ्या सासऱ्यांना तोच होता म्हणून सांगते. पण लिम्फोमाही (लसिका पेशींचा कॅन्सर) अगदी असाच वाढतो आणि तो केमोने बरा होऊ शकतो, म्हणून जाड सुईची ट्रूकट बायोप्सी हवीच, गाठीला भूल देऊन होते, वयाचं एवढं टेन्शन घेऊ नका. त्याच तुकड्यावर बीआरएएफ टेस्ट (गाठीच्या पेशींतल्या त्या जनुकात बदल आहे का बघणारी) लगेच मागा. व्ही६००ई नावाचा बदल निघाला तर डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब ह्या गोळ्या चालतात, अमेरिकेत २०१८ ला मंजूर झाल्या, महाग आहेत पण विचारा तरी. ऑपरेशन होईल का ते मान-छातीच्या सीटी स्कॅनवर ठरेल. खोटं नाही सांगत, अ‍ॅनाप्लास्टिक निघाला तर बहुतेकांच्या हातात थोडेच महिने असतात, तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी टाकायची का, किती उपचार करायचे, हे आईंनाच विचारा, आम्ही लपवलं ते चुकलं. टाटाला जाणार असाल तर सुईच्या तपासणीच्या मूळ स्लाइड्स घेऊन जा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. रात्री झोप कशी लागते? श्वास घेताना घरघर?

धागाकर्ता
परवापासून भिंतीला टेकून बसूनच झोपते. घरघर आहे, आम्हाला कफ वाटला.

प्रतिसाद
मग मुंबई राहू द्या, आधी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आत्ता न्या. कान-नाक-घसावाले आहेत का ते फोनवर विचारून घ्या. श्वासाची वाट आधी, बायोप्सी तिथेच होईल.

धागाकर्ता
गाडी काढलीय. लॅब सकाळी उघडते, स्लाइड्स आणायला भाऊ मागे थांबलाय.