काजू कटिंगमुळे मान-हात बधिर, काय घेऊ? (बजेट १५००)

कुडाळची_सुरंगी: हात-पायाने चालवायच्या मशीनवर रोज सहा तास कटिंग. मानेतून उजव्या दंडात कळ उतरते, अंगठा आणि बाजूच्या बोटाला मुंग्या. सीझन संपेपर्यंत काम सोडता येणार नाही. मानेचा पट्टा घेऊ की आणखी काही? १५०० च्या आत सांगा.

बोंडूवाला: पट्टा-बिट्टा सोडा, चार हजारांची मसाज गन घ्या. आमच्याकडे आहे, पैसा वसूल.

वाऱ्यावरची_होडी: बजेट वाचलंत का? आणि शीर दबलेली असताना मानेवर गन फिरवत नाहीत.

रत्नांग्री_फिजिओ: आधी शीर कुठे दबतेय ते बघा. अंगठा-तर्जनी आणि दंडातून कळ, म्हणजे बहुधा मानेतली सहावी शीर. मधलं बोट असेल तर सातवी. रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकावा लागत असेल तर मनगटावर संशय घ्या, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर कोपरावर. तळहात डोक्यावर ठेवून पाच मिनिटं बसा. कळ कमी झाली तर मानच. मनगट निघालं तर ते सरळ ठेवणारा स्प्लिंट फक्त रात्री बांधायचा. स्वस्त असतो.

मालवणी_खाजा: गे बाय, पट्टो चार दिस ठीक. सगळो सीझन घातलंस तर मान ढिली पडतली. तेल लाव गरम करून.

बोंडूवाला: तेलाने शीर मोकळी होत नाही हो. गनच.

पॅडल_मास्तर: सगळे औषध सांगताहेत, मशीनकडे कोणी बघत नाही. पॅडल दाबून पाती रुततात, हँडल फिरवलं की टरफल उघडतं. पातं बोथट असेल तर प्रत्येक बीला खांद्यातून झटका द्यावा लागतो, तिथेच मान जाते. पात्याला रोज धार लावा. बिया आकाराने चाळून घ्या आणि पात्यांमधली फट त्या मापाला लावा. मोठ्या बीच्या फटीत लहान बी घातली की दोनदा मारावं लागतं. वाफवलेली बी रात्रभर पसरून वाळवल्याशिवाय घेऊ नका, टरफल चिवट राहतं. शिवाय वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, किलोला १०० झटके. वेंगुर्ला-४ ची पावणेआठची, तिथे १३०. गावठी बीचं तर विचारूच नका.

मालवणी_खाजा: पण चार नंबराच्या गराक तोड नाय.

पॅडल_मास्तर: चवीचा धागा वेगळा काढा.

वाऱ्यावरची_होडी: टेबलाच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे घाला, बी कोपराच्या उंचीला आली पाहिजे. बाकी फिजिओंनी सांगितलंच आहे, आधी शीर बघा.

रत्नांग्री_फिजिओ: उंचीचं अगदी बरोबर. मान वाकवून खाली बघणं हेच मूळ. दर अर्ध्या तासाला हनुवटी सरळ मागे ओढा (खाली नाही), ५ सेकंद धरा, १० वेळा. मुंग्या वाढल्या तर थांबा. मान कडकड मोडून घेऊ नका. रक्तातली साखर आणि व्हिटॅमिन बी-१२ तपासा, दोन्हींनी हात बधिर होतात. शिरेच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय नको, त्यांनी झोप येते आणि पातं हाताशी आहे. बी बोटांतून सुटायला लागली, ब्लाउजचे हूक लागेनात, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सीझन बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

कुडाळची_सुरंगी: सगळ्यांचे आभार. डोक्यावर हात ठेवला की बरं वाटतं, म्हणजे मानच. बी सुटत नाही अजून. १२०० ला जुनं फिरतं चाकांचं स्टूल मिळालं, उंची कमी-जास्त होते. घेतलं. चिरे नको, मशीन हलेल. रक्त तपासते सोमवारी.

बोंडूवाला: चाकांचं? गनचे पैसे वाचवून हे?

पॅडल_मास्तर: चाकं काढून टाका आजच. पॅडल दाबाल तसं स्टूल मागे सरकेल आणि तुम्ही हँडलला लटकून बी फोडत बसाल. आणि स्टूल वर चढवून टेबल तसंच ठेवलंत तर मान आणखी वाकेल.