अमेरिकेतील गरिबी गटागटांत इतकी वेगळी का?

पारगावकर: २०२३ साली अमेरिकेत अधिकृत दारिद्र्यरेषेखाली ११.१ टक्के लोक होते. मात्र हे प्रमाण हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळे असलेले) नसलेल्या श्वेतवर्णीयांत ७.७, आशियाई वंशीयांत ९.१, हिस्पॅनिकांत १६.६, कृष्णवर्णीयांत १७.९ आणि मूलनिवासींत २१ टक्क्यांहून अधिक होते. तिकडे स्थिरावलेल्या आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की ‘आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलो, मग यांचेच कुठे अडले?’ असा सूर हमखास लागतो. माझ्या मते ही तुलनाच गैरलागू आहे. १९६५ चा स्थलांतर कायदा आणि पुढे एच-१बी व्हिसा यांनी भारतातून मुख्यतः शिकलेले लोक वेचून घेतले. त्या बॅगांत इंजिनिअरिंगची पदवी होती. उलट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना निवृत्तिवेतनातून वगळले, आणि दक्षिणेकडील राज्यांत ही कामे मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीयच करीत. त्याच दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोक्याच्या’ ठरल्या, म्हणजे तिथे घरकर्ज मिळणे अवघड झाले. घर झाले नाही, म्हणून वारसाही उरला नाही: २०२२ मध्ये श्वेत कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्म्या कुटुंबांकडे याहून जास्त, निम्म्यांकडे कमी) सुमारे २,८५,००० डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५,००० च्या आसपास.

माळरान: इतिहास मान्य आहे, परंतु सगळे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. १९५९ मध्ये कृष्णवर्णीयांतील गरिबी ५५ टक्के होती, म्हणजे दर एक तृतीयांशावर आला. आज खरी दरी कुटुंबरचनेत दिसते. विवाहित जोडप्यांच्या कुटुंबांत गरिबी पाच टक्क्यांच्या आसपास, तर एकट्या आईच्या कुटुंबांत वीस टक्क्यांहून जास्त आहे. शिवाय संख्येने पाहिले तर सर्वाधिक गरीब श्वेतवर्णीयच आहेत. पूर्व केंटकीतील कोळसा खाणींच्या गावांत तो लाल नकाशा नव्हता, तरीही खाणी आटल्यावर तिथे दैन्य आलेच.

उंबरठा: दोघेही ज्या रेषेवर वाद घालीत आहात, ती १९६० च्या दशकात किमान अन्नखर्चाच्या तिप्पट धरून आखलेली आहे. दोन प्रौढ आणि दोन मुले यांच्यासाठी २०२३ मध्ये ती सुमारे ३०,९०० डॉलर होती, मग घर न्यूयॉर्कात असो वा मिसिसिपीत. अन्नसाहाय्यही तीत मोजले जात नाही.

पारगावकर: उंबरठा, म्हणूनच पूरक मापन पाहावे, ज्यात ते साहाय्य आणि करसवलती दोन्ही धरतात. २०२१ मध्ये सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ३,६०० डॉलरपर्यंत करसवलत मिळाली, तेव्हा त्या मापनानुसार बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. सवलत संपताच पुढच्याच वर्षी ती १२.४ झाली. माळरान, त्या एका वर्षात कुटुंबे तर मोडली नव्हती!

माळरान: हाच माझा मुद्दा आहे. पैसा थांबताच दर चढला, म्हणजे त्या पैशाने कमावण्याची ताकद वाढली नव्हती. खैरातीने आकडा हलतो, माणूस तिथेच राहतो.

पारगावकर: १९५९ मध्ये ६५ वर्षांवरील अमेरिकनांत गरिबी ३५ टक्के होती, आज ती दहाच्या आसपास आहे, आणि ती मुख्यतः सरकारी निवृत्तिवेतनामुळे उतरली. ते वेतन उद्या बंद केले तर हाही दर चढेल. मग त्यालाही आपण खैरातच म्हणणार का?