फॅनफिकमधला डीन थॉमस कोळशासारखा का?

सराफा_रात्री
आमच्या इंदूरच्या सुदामानगरातल्या वाचनगटात परवा एका मैत्रिणीनं हॅरी पॉटरवरची आपली मराठी फॅनफिक, म्हणजे पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यानं लिहिलेली गोष्ट, वाचली. हॅरीच्या शाळेतल्या जुळ्या बहिणी पार्वती-पद्मा पाटील सुट्टीत इंदूरला आजीकडे आल्यात, फार गोड लिहिलंय. मग त्यांच्यासोबत आलेला त्यांचा कृष्णवर्णीय शाळासोबती डीन थॉमस येतो: ‘कोळशासारखा काळा’, बॅगा उचलणारा, क्षणात भडकणारा. पुस्तकातला डीन सुंदर चित्रं काढतो, लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या फुटबॉलसाठी वेडा असतो. त्यातलं काहीच नाही. महिन्यापूर्वी याच गटात आपण इंग्रजी फॅनफिकमधल्या पाटलांवर चिडलो होतो. आडनाव पाटील आणि घरात एक शब्द मराठी नाही, रोज नान! तो राग आता कुठे गेला?

तुकोगंजकर
ताई, फॅनफिक कुणी पोटासाठी लिहीत नाही. दिवसभराचं काम आटोपलं की आवडत्या पात्रांसोबत तासभर रमायचं, एवढंच. लंडनमधला कृष्णवर्णीय मुलगा कसा वाढतो हे आम्ही इंदुरात बसून कुठून आणायचं? असे दंडक लावाल तर सगळे फक्त पाटील बहिणी लिहितील आणि डीन गायबच होईल.

मालवा_वाचक
गायब होणं नवं नाही. हॅरीच्याच शाळेतल्या ब्लेझ झाबिनीचं आधीच्या पुस्तकात नुसतं नाव होतं, तेव्हा बहुतेकांनी त्याला गोरा रंगवला, काहींनी तर मुलगी केलं. 2005 च्या सहाव्या भागात तो कृष्णवर्णीय मुलगा निघाला. जिथे रंग लिहिलेला नसतो तिथे आपण आपोआप गोरा भरतो. 2016 मध्ये लंडनच्या हॅरी पॉटर नाटकात कृष्णवर्णीय अभिनेत्री नोमा डुमेझवेनी हॅरीची मैत्रीण हर्मायनी झाल्या, तेव्हा किती लोक खवळले होते!

सराफा_रात्री
तुकोगंजकर, डीन गायब व्हावा असं मलाही वाटत नाही. पण ‘कोळसा’ लंडनहून आलेला नाही. तो आपल्या घरातून आलाय, ‘गोरी वधू पाहिजे’ छापणाऱ्या जाहिरातींतून, सावळ्या पोरीला हळद लावा सांगणाऱ्या मावश्यांकडून. त्याला लंडनची माहिती लागत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला हाच शब्द शाळेत ऐकावा लागला, म्हणून मी एवढी बोलतेय.

तुकोगंजकर
बहिणीचं वाचून वाईट वाटलं. ‘कोळसा’ काढा, मान्य. पण अस्सल काय ते ठरवणार कोण? आपण इंदूरवाल्यांनी ‘मी करून राहिलोय’ म्हटलं की पुण्याचे भाऊ म्हणतात हे मराठीच नाही. उद्या पाटलांची आजी अशी बोलली तर तेही चूक ठरवाल?

सराफा_रात्री
मुळीच नाही, आजी तशीच बोलू दे. ते घर आपल्याला आतून माहीत आहे. जे माहीत नाही, तिथे निदान मूळ पुस्तक पुन्हा उघडावं. मैत्रिणीनं काल तो भाग बदलला: डीन राजवाड्यासमोर बसून चित्र काढतोय. खालचे तीन दगडी मजले झालेत, वरच्या चार लाकडी मजल्यांच्या खिडक्या मोजताना तो सारखा चुकतो, आणि आजी त्याला पोहे आणून देते.

तुकोगंजकर
हे आवडलं. पण कुणाला रागीट डीन लिहायचा असेल तर तोही लिहू द्या. गोऱ्या पोरांना रागवायची मुभा आहे, त्याला का नको?