द्राक्षबागेतले अजगराचे पिल्लू पाळता येईल का?

प्रश्न (गिरणारे, नाशिक): काल आमच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळीशेजारी हातभर लांबीचे, तपकिरी ठिपक्यांचे पिल्लू वेटोळे घालून बसलेले दिसले. धाकट्या भावाला बॉल पायथन (लहान जातीचे परदेशी अजगर) पाळण्याचा आणि त्यांची पैदास करण्याचा नाद असल्यामुळे, हे अजगराचे पिल्लूही घरीच वाढवावे असा त्याचा हट्ट आहे. कायद्याने तसे करता येईल का?

उत्तर १: नाही. भारतीय अजगर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये असल्याने त्याला पकडून बाळगल्यास ३ ते ७ वर्षांचा कारावास होऊ शकतो. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला असला, तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचीही नोंदणी करावी लागते, आणि घरात पिल्ले झाली तर त्यांचीही. भावाकडे ते कागद आहेत का?

उत्तर २: कायद्याचे नंतर पाहू, ते अजगरच आहे, हे कोणी ठरवले? घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन ओळी असतात, तर अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे असून डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. घोणशीचे पिल्लू जन्मतःच विषारी असते, तेव्हा काठीनेही डिवचू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दुरून काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर ओळी तीनच निघाल्या. १९२६ ला कळवले असून छाटणीचे मजूर तूर्त बांधावर थांबवले आहेत.