फ्रान्समध्ये ताजा बॅगेट: कोणता मागायचा, कधी घ्यायचा?

घाटवाट:
मे महिन्यात आईबाबांना घेऊन लिओं आणि आनसीला जातोय, फिरणं रेल्वेनेच. दुपारी रोज बॅगेट, म्हणजे तिथला लांब काठीसारखा पाव, आणि चीज असा बेत आहे. बाबा कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. चांगला पाव दुकानात ओळखायचा कसा? सकाळी घेतलेला दुपारी खाण्यासारखा राहतो का?

पीठमळणी:
नुसता बॅगेट मागू नका, ‘त्रादिस्यों’ मागा. १९९३ च्या फ्रेंच सरकारी आदेशानुसार त्यात ॲडिटिव्ह चालत नाहीत आणि मळलेलं पीठ कुठल्याच टप्प्यावर गोठवता येत नाही. साध्या बॅगेटला ही बंधनं नाहीत, म्हणून तो थोडा स्वस्त. पीठ सावकाश फुगू दिलेलं असलं की आतला भाग किंचित पिवळसर आणि लहानमोठ्या भोकांचा होतो. साधा बॅगेट बहुधा कापसासारखा पांढरा निघतो.

आत शिरताच आधी ‘बोंजूर’, मग ‘यून त्रादिस्यों, ब्यां क्वीत, सिल वू प्ले’. ब्यां क्वीत म्हणजे नीट खरपूस भाजलेला. तिथलं बरंच गिऱ्हाईक फिकट पाव मागतं, त्यामुळे न सांगता तोच हातात पडू शकतो. चव तर सगळी कवचात! तिघांना एक जास्त वाटला तर अर्धाही देतात, ‘दमी’ म्हणा. सुटी नाणी ठेवा. एका पावासाठी कार्ड न घेणारी दुकानं आहेत.

रेल्वेखिडकी:
पाटी वाचा. १९९८ च्या कायद्यानुसार पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं जागेवरच करणाऱ्यालाच ‘बूलांजरी’ लिहिता येतं. ‘देपो द पँ’ असेल तर पाव दुसरीकडून आलेला.

तळाला जाळीचे ठिपके म्हणजे कारखान्याचा माल, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अर्धवट खरं आहे ते. जाळीच्या ट्रेवर भाजणारे चांगले बेकरही आहेत. त्यापेक्षा वरच्या चिरा पाहा: कडा उचललेली, टोकाशी करपायच्या बेतात असेल तर उत्तम.

लहान गावात दुपारी एक ते तीन-चार दुकानं बंद, शिवाय आठवड्याची सुट्टी, बऱ्याचदा सोमवारी. साडेअकराच्या सुमाराचा घाणा पकडलात तर जेवणाला ताजा मिळतो. सकाळचा दुपारी खाता येतो, पण कवच चिवट झालेलं असतं. गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलात तर अर्ध्या तासात मऊ पडेल, कारण वाफ आतच अडकते. कागदी पिशवीचं तोंड उघडं ठेवा.

खादाडखाऊ:
बाबांसाठी त्रादिस्यों निर्धास्त घ्या: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवलेलं पीठ. क्रुआसाँवर मात्र बहुधा अंडं फासलेलं असतं आणि ब्रियोश या गोडसर पावात ते असतंच. फुगास या चपट्या पावात ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, असू शकतात, विचारून घ्या.

खरी अडचण चीजची आहे. आनसीच्या आसपासचं रब्लोशाँ, शिवाय बोफोर आणि कोंते, ही तिन्ही वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, घालून बनतात. बाबांना हे आधी सांगा, तिथे जाऊन नको.

घाटवाट:
हे माहीतच नव्हतं. मग बाबांनी पावाला काय लावायचं?

खादाडखाऊ:
‘दमी सेल’ लोणी, म्हणजे हलकं खारवलेलं. कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. घरून शेंगदाण्याची चटणी न्या. तूप-पेढे नकोत, युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

पीठमळणी:
उरलेला पाव फ्रिजमध्ये नको. त्या थंडीत स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो. ओव्हन असेल तर कवचावर ओला हात फिरवून १८० अंशांवर पाच मिनिटं. नसेल तर उभा चिरून कोरड्या तव्यावर, कापलेली बाजू खाली. गरम केलेला लगेच खा, थोड्या वेळात तो आधीपेक्षा कडक होतो.